विरजणाची वाटी

“रोज ती शेजारची बेबाबाई आपल्याकडे विरजण मागायला येते, अन् आज तू तिच्या दारात?” मेलेल्या हार्डडिस्कवरची नजर न काढता तोताराम पुटपुटला.

“मांजरीनं आपलं दही लवंडलं ना,” सुनंदा म्हणाली. “आपलंच विरजण तिच्याकडून परत आणलं.”

त्याचं लक्षच नव्हतं. लिनक्सवर मराठी छापणारा त्याचा प्रोग्राम, दोन वर्षांची मेहनत, त्या डिस्कमध्ये होती. लिनक्स त्याला फुकट मिळालं होतं. कुठं अडलं की परदेशातली अनोळखी माणसं आपलं लिहिलेलं इंटरनेटवरून खुशाल देऊन टाकायची. धुळ्यातली पोरं मात्र याचा प्रोग्राम मागून मागून थकली होती.

दुरुस्तीवाल्या सुकदेवनं मान हलवली. “बठ्ठं गयं, भाऊ.” डिस्कवरचं काहीच वाचलं नव्हतं.

तोतारामनं कपाटातल्या फ्लॉप्या जमिनीवर ओतल्या. एखादी जुनी प्रत सापडते का म्हणून त्याच त्याच पुन्हा घालून पाहिल्या. त्या पोरांचा विषय कुणी काढेना.

शेवटी सुनंदा विरजणाची वाटी घेऊनच त्याच्याजवळ खाली बसली. तोताराम कितीतरी वेळ त्या वाटीकडे बघत राहिला.

“सुनंदा, मी प्रोग्राम कुणालाच दिला नाही गं.”