बाईंचा आवाज

आईचं कपाट वर्गातच होतं, त्यामुळे मुलं बसलेली असतानाच तिला ते रिकामं करावं लागलं.

मोठ्या सरांनी स्वतः कुलूप काढून दिलं. "नव्या बाई सोमवारी येतायत. त्यांना कपाट लागेल, म्हणून तुम्हाला घाई केली," ते म्हणाले. मग मुलांकडे वळून, "गोंगाट नको हं. बाईंची मुलगी आलीय." जाता जाता दारात थांबले. "एवढ्या वर्षांत बाईंनी कधी रजा म्हणून घेतली नाही हो. अंगात ताप असला तरी वर्गावर हजर."

"रजा ती घरी घ्यायची," ती म्हणाली.

सर हसले. विनोद आहे असं त्यांना वाटलं असावं.

कपाटात पुस्तकं कमीच निघाली. पुठ्ठ्याचे गाढवाचे कान, लोकरीची पांढरी वेणी, काचा नसलेला चष्मा, वाटाणे भरलेला पत्र्याचा डबा. आणि खोकल्याच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं, एकात एक खोचून ठेवलेली. पाकिटं तिच्या ओळखीची होती. बाकीचं सामान कुणा परक्या बाईचं वाटत होतं. तिने डबा उचलला.

"तो पावसाचा आहे," पहिल्या बाकावरून आवाज आला. "हळू हलवला की रिमझिम. जोरात हलवला की वादळ."

बोलणारी मुलगी तिच्याकडे बघत नव्हती. तोंड खिडकीकडे होतं, कान इकडे. बाकाला टेकवून ठेवलेली पांढरी काठी आता तिला दिसली.

"ही साळुंकी," शेजारची म्हणाली. "बाईंनीच नाव ठेवलंय. हिला दिसत नाही, पण नकला सगळ्यांच्या करते. मोठ्या सरांचीसुद्धा."

"गप गं, चोंबडे," साळुंकी म्हणाली. मग तोंड न वळवताच, "ताई, बाई ना गोष्ट सांगताना 'म्हातारी म्हणाली', 'गाढव म्हणालं' असं कधी म्हणायच्याच नाहीत. सरळ आवाज बदलायच्या. म्हणजे कोण बोलतंय ते मला कळायचं."

"आम्हालापण मजा यायची," मागून कुणीतरी ओरडलं. "धडा कधी संपला तेच कळायचं नाही."

मग सगळेच सुरू झाले. बाई एकदा टेबलावर चढल्या होत्या. बाईंनी दोन कोंबड्यांचं भांडण केलं, तेव्हा पलीकडच्या वर्गातले सर काय झालं म्हणून धावत आले होते. अडखळत बोलणाऱ्या एकाला बाईंनी राजा केलं होतं, आणि राजाचं वाक्य पुरं होईपर्यंत दरबारात कुणी पापणीसुद्धा हलवायची नाही, असा हुकूम होता.

"सगळ्यात लांब वाक्यं मलाच होती," राजा उभा राहून म्हणाला. त्याला ते म्हणायला वेळ लागला. मधे कुणीही बोललं नाही.

"तुमच्या घरी तर रोजच धमाल असेल, नाही का ताई?" शेजारचीने विचारलं.

तिने गाढवाचे कान पिशवीत घातले. घरी आई चप्पल काढायची आणि भिंतीकडे तोंड करून आडवी व्हायची. घसा उद्यासाठी राखायचा असे. टेबलावर दोनदा टिचकी वाजली की जेवण वाढलंय. तळवा वर झाला की आता नको, नंतर. फोनमध्ये आईच्या आवाजातला एकच निरोप उरला होता, किल्ली शेजारी ठेवल्याचा. तो तिने इतक्यांदा ऐकला होता, की आता त्यात आई राहिली नव्हती. नुसती किल्ली उरली होती.

"हो," ती म्हणाली. "रोज."

मग, विचारायचं नाही असं ठरवूनही तिने विचारलं. "साळुंकी, तुला बाईंचा आवाज काढता येतो?"



"कोणता? म्हातारीचा का गाढवाचा?"

"बाईंचा. नुसता."

साळुंकीने ओठ ओले केले, घसा खाकरला आणि ती हसली. पोटातून वर येत मधेच फुटणारं, आवरता आवरत नाही असं हसू. दोन-तीन मुलं सवयीने लगेच त्यात सामील झाली. आईचं ते हसू तिने घरी कधीच ऐकलं नव्हतं. हसून झाल्यावर नाकातून सोडलेला सुस्कारा मात्र ओळखीचा होता. तो तिला रोज भिंतीच्या बाजूने ऐकू यायचा.

"माझ्याबद्दल..." तिने पिशवीचे बंद हातात घेतले. "माझ्याबद्दल कधी काही बोलायच्या?"

"बोलायच्या की! आम्ही फार कलकलाट केला की हमखास."

साळुंकी ताठ बसली. आवाज आईचा होता. थोडा बसलेला, आणि कौतुकाने भरलेला.

"अरे, काय बाजार मांडलाय हा! माझी लेक बघा जरा. घरात आहे की नाही, मला कळतसुद्धा नाही."

मुलं खिदळली. मग एकेक करून थांबली. पिशवीचे बंद तिच्या हातात तसेच राहिले.

साळुंकीने मान तिरकी करून कान पुढे केला.

"ताई," ती आता स्वतःच्या आवाजात म्हणाली, "आहात ना तुम्ही?"

तिने मान हलवली. साळुंकी वाट बघत राहिली.