जपलेली नळी

जहाल दारूचा बार भरला तर रायफलची नळी दीड हजार गोळ्यांत झिजते, सौम्य भरला तर चार हजार टिकते. म्हणजे अडीच हजार गोळ्या निव्वळ फायद्यात. असा हिशेब मांडून टर्नर असलेल्या वडिलांनी लेकीच्या नेमबाजीच्या सरावाची काडतुसं दोन वर्षं घरीच भरली, तीही हात राखून. "लोकांचे नवरे दारू पितात, आमचे चिमटीने मोजतात," आई म्हणायची.

निवड चाचणीला मात्र त्यांनी जहाल काडतुसांचा डबा काढला. वयाच्या अटीमुळे तिची ही शेवटचीच चाचणी होती. "आज कंजुषी नाही. गोळी कशी सुसाट जाते बघ!"

सुरुवातीच्या, गुणांत न धरल्या जाणाऱ्या गोळ्यांवर तिने रायफलवरची दुर्बीण जुळवून घेतली आणि नेमका वारा सुटला. सौम्य बाराच्या मंद गोळीला वारा फार ढकलतो, म्हणून नेम बराच बाजूला धरायची तिच्या हाताला सवय लागलेली. सुसाट गोळी वाऱ्याला फारशी बधलीच नाही. जिथे नेम धरला, तिथेच निशाणाबाहेर जाऊन बसली. चूक तिला तिसऱ्याच गोळीला कळली, पण दोन वर्षांची सवय उरलेल्या सात गोळ्यांत कुठली मोडायला?

घरी आल्यावर वडिलांनी नळीत बॅटरी मारून पाहिलं. "आरशासारखी आहे गं अजून! काय करायचं आता हिचं?"

 

"विकून टाका, अप्पा. या घरात न झिजलेलं तेवढंच उरलंय."