आठवड्याचं पाणी

पुणं बरं की आपलं संभाजीनगर, यावर सारजाबाईच्या घरात वर्षभर खल चालला. पुण्यात लेकाचा फ्लॅट, लिफ्ट, जवळ दवाखाना अन् चोवीस तास पाणी. मुकुंदवाडीच्या घरात काय, तर आठवड्यातून एकदा येणारा नळ, अन् तो आला की मधल्या भिंतीवर लाटणं आपटून कळवणारी शेजारीण शकीला.

"या वयात ड्रम भरत बसायचं व्हय, आई?" बद्रीनाथनं विचारलं. घर विकलं गेलं.

पुण्यात नळ कधीही सोडावा, पाणी हजर. सहा महिने झाले, तिनं कशाची म्हणून वाट पाहिली नाही.

आज मुकुंदवाडीत पाण्याचा दिवस होता. तिनं शकीलाला फोन लावला.

"आलं का गं पाणी?"

"आलं ना भाभी, अब्बीच आलं."

"मग भिंतीवर लाटणं आपट की."

"भाभी, तिकडं आता दुसरे लोक राहतात."

"राहू दे. तू आपट."

फोनमधून तीन ठोके ऐकू आले.



सारजाबाई उठली, पदर खोचला अन् रिकामा हंडा नळाखाली लावला.