खिडकीतले कांदे

“तो नको, त्याला अजून नीट कोंब फुटलेला नाही,” काकू म्हणाल्या. “पलीकडचा दे. बोटभर हिरवा झालाय बघ.”

रुग्णसेविकेने टोपलीतला तो कांदा उचलून दिला. काकूंनी सुकी सालं काढली, मऊ पडलेला एक पापुद्रा सोलून टाकला आणि कोंब वर राहील अशा बेताने कांदा मातीत बसवला. फळांची जुनी लाकडी पेटी होती. तळाशी गोणपाट, वर भुसभुशीत माती. पाणी काकू चमच्याने घालायच्या, नाहीतर कांदे कुजतात म्हणे.

पेटी गॅलरीत ठेवायची सोडून त्यांनी काकांच्या पलंगासमोरच्या खिडकीत ठेवली होती.

अर्धांगवायूच्या झटक्याला चार महिने होऊन गेले होते. काकांची उजवी बाजू लुळी पडली होती, वाचा गेली होती. समजत मात्र सगळं होतं. एके काळी ते मोठ्या गोदामाचे प्रमुख होते. त्यांच्या नुसत्या खाकरण्याने हमाल ताठ उभे राहायचे, असं भेटायला येणारे कौतुकाने सांगत. कप गोळा करता करता काकू म्हणायच्या, “शिस्तीचे फार. घरातही त्यांच्याशिवाय पान हलायचं नाही.”

सेविकेने आजवर पुष्कळ घरं पाहिली होती. नाकाला पदर लावून दारातूनच चौकशी करणाऱ्या बायका पाहिल्या होत्या, महिन्याभरात रुग्णाला कंटाळलेली मुलं पाहिली होती. इथलं काही वेगळंच होतं. काकांचं अंग पुसून झालं, की काकू उशाशी स्टूल ओढून बसत आणि त्यांना कांद्यांची खबरबात देत.

“बघितलंत का? हा कालच्यापेक्षा दोन बोटं वर आलाय. आणि कोपऱ्यातल्याला तर दोन-दोन कोंब!”

काका पेटीकडे बघत. मग त्यांच्या डोळ्यांतून पाणी ओघळे. काकू ते टॉवेलच्या टोकाने हलकेच टिपत.

बाजारातून आणलेले चांगले कोरडे कांदेही काकू ओट्याखालच्या ओलीत नेऊन ठेवायच्या. एकदा सेविकेने न राहवून सांगितलं, “काकू, तिथे ठेवलेत तर त्यांनाही कोंब येतील.”

“येऊ देत की,” काकू हसून म्हणाल्या.

“काकांना एवढी आवड आहे कांद्यांची?”

“अगं, आमचं आयुष्यभर बोलणं व्हायचं ते असल्याच गोष्टींवरून.”

हे ऐकून सेविकेला भरून आलं. ती स्वतः आठ महिन्यांपासून भावाकडे राहत होती. नवऱ्याने ढकललं तेव्हा दाराची चौकट लागून कपाळाला दोन टाके पडले होते. तेव्हापासून त्याचे रोज निरोप यायचे. चुकलो, पुन्हा होणार नाही, परत ये. भावाकडे दिवाणखान्यात तिचं अंथरूण पडलं, की वहिनी मोठ्याने उसासा टाकायची. तरीही ती हटून बसली होती. या घरात मात्र तिचा हट्ट हळूहळू विरघळत चालला होता. माणसं अशीही सोबत म्हातारी होतात तर.

शेवटी एक दिवस तिने काकूंना सगळं सांगितलं आणि विचारलं, “जाऊ का मी परत?”

काकू बराच वेळ माती सारखी करत राहिल्या. “मी काय सांगणार, पोरी? मी तर कधी उंबरा ओलांडलाच नाही.”

तिला जे ऐकायचं होतं, तेच तिने त्यात ऐकलं. शनिवारी सकाळी तिने नवऱ्याला कळवून टाकलं, उद्या संध्याकाळी न्यायला ये.

त्याच दुपारी काकांनी डाव्या हाताने खूण करून पाटी मागितली.

पाटी म्हणजे वाचा-उपचारवाल्या बाईंनी दिलेला पुठ्ठा. त्यावर मोठी मोठी अक्षरं होती. डाव्या हाताचं बोट एकेका अक्षरावर ठेवून काकांनी शब्द जुळवायचा, असा तो सराव. काकू पाटीला कधी हात लावत नसत. “मला नाही बाई धीर होत,” म्हणून स्वयंपाकघरात निघून जात. रोज ते बोट थरथरत कुठेतरी पडायचं आणि काका दमून डोळे मिटायचे.

आज त्यांनी डोळे मिटले नाहीत. घामाने कपाळ डबडबलं तरी बोट सरकत राहिलं. म. त्यावर काना. मग फ. बोट घसरलं, तिने मनगटाला आधार दिला. शेवटी वेलांटी.

“माफी!” ती ओरडलीच. “काकू, लवकर या! काकांनी शब्द जुळवला! माफी म्हणतायत!”

काकू हात पुसत आल्या. काका त्यांच्याकडे बघत होते. सेविका म्हणाली, “इतकं करता त्यांचं, म्हणून मागत असतील. नाहीतर कसली माफी हो, काकू?”

काकूंनी पाटी हातात घेतली, उलटी केली आणि टेबलावर ठेवली.

“घरात कांद्यांना कोंब येऊ दिले, म्हणून यांनी माझा हात तापल्या तव्यावर दाबून धरला होता,” त्या म्हणाल्या. “दुसऱ्या दिवशी माफी मागितली. ती चौथी होती. पुढे मी मोजायचं सोडून दिलं.” त्यांनी पेटी दोन्ही हातांनी उचलून काकांच्या अगदी उशाशी आणली. मग सेविकेकडे वळल्या. “तुझा कितव्यांदा मागतोय?”