सतरा नंबरचं मशीन

सतरा नंबरच्या मशीनला टॅबचं बटणच नव्हतं. त्या जागी नुसतं भोक. कॉम्प्युटरच्या प्रॅक्टिकल परीक्षेत नेमकं तेच माझ्या वाट्याला आलं. “स्पेस मोजून दे,” लॅब असिस्टंट म्हणाले, “दुसरं मशीन नाही.”

पायथनमध्ये ओळी एकसारख्या आत सरकल्या नाहीत तर प्रोग्रॅम चालत नाही, आणि ते काम टॅब एका दाबात करतं. मी मोजत राहिले, तरी तीनदा एरर आली. डोकंच फिरलं. प्रोग्रॅम तसाच सोडून मी एडिटरच्या सेटिंगची फाईल उघडली.

“कॉपी करतेस?” परीक्षा घ्यायला बाहेरून आलेले एक्स्टर्नल सर मागेच उभे होते.

“नाही सर. दोनच ओळी लिहिते, मग बघा.”

त्या दोन ओळी अशा: एफ सेव्हन दाबलं की ओळी आत, एफ एट दाबलं की बाहेर. सेव्ह केलं, अख्खा लूप सिलेक्ट केला आणि एफ सेव्हन दाबलं. अकराच्या अकरा ओळी एकदम आत सरकल्या. प्रोग्रॅम पहिल्या फटक्यात चालला.

सरांनी बॅगेतून स्वतःचा लॅपटॉप काढून माझ्यापुढे उघडला. टॅबच्या जागी तसंच भोक होतं.

“दोन वर्षं स्पेस मोजतोय मी,” ते हळूच म्हणाले. “हे यावर बसवून दे. हीच तुझी व्हायवा.”