हरणीची तसबीर

"शकुन बाळंतपणाले माहेरी येऊन राहिली. बाळंतिणीच्या खोलीले चुना द्यावा लागते," माणिकबाई दारातून म्हणाल्या.

"द्या मंग." उत्तमरावांनी अडकित्त्यातली सुपारी कचकन फोडली. "त्या खोलीतलं काय ठेवायचं, काय काढायचं, ते तुमी सासूसुना पाहा. मले इचारू नका. माह्या डोक्याले चित्रशाळा काय कमी हाय?"

त्या खोलीत पुरुषाने पाय टाकायचा नाही, अशी त्या घराची रीत होती. बाळंतीण नसली की खोलीला कुलूप. उत्तमरावांना तिचं दार कुठल्या बाजूला उघडतं हेही धड आठवलं नसतं.

चित्रशाळेची गोष्ट वेगळी. अमरावतीला चित्रशाळा काढायची ठरली, तेव्हा गावातल्या शिकलेल्या मंडळींनी कापसाच्या दोन जिनांच्या या मालकाला अध्यक्ष केलं, ते त्याच्या तिजोरीकडे पाहून. उत्तमरावांनी हार घालून घेतला, भाषण ठोकलं, आणि तिजोरीची किल्ली कनवटीला होती तिथेच राहू दिली. दिलं ते इतरांनी. भाजीबाजारातल्या बायांनी टोपलीमागे पैसा बाजूला काढला. तसबिरी मढवणाऱ्या मुनव्वरने चौकटी फुकट करून दिल्या. भिंती उभ्या राहिल्या, छत तेवढं राहिलं.

सरकारचा करार सरळ होता. अर्धा खर्च लोकांनी जमवला तर अर्धा सरकार देणार. दसऱ्याच्या आत लोकांचा वाटा पुरा झाला नाही, तर सरकारी अर्धा परत. जिनावरचे गडी आत्ताच त्या चार भिंतींना 'उत्तमरावांचा कोंडवाडा' म्हणू लागले होते. ते उत्तमरावांच्या कानावर आलं होतं, चांगलं झोंबलंही होतं. पण कनवट काही सुटत नव्हती.

"तुमी काही टाका न," माणिकबाई म्हणाल्या.

"सरकारनं द्यायचं, लोकायनं द्यायचं. मी काहून?"

"तुमी लोकायत मोडत नाही का?"

"मी अध्यक्ष आहो."

माणिकबाईंनी पानाचं तबक जवळ ओढलं. मग म्हणाल्या, "मंग लिलाव करा. लोकायनं घरच्या जुन्या तसबिरी दान द्याव्या. जो बोली जिंकंन त्याचं नाव दगडावर कोरायचं. तसबीर चित्रशाळेतच राहीन."

"करू. पण माह्या घरातली काडी जाणार नाही, सांगून ठेवतो."

"बरं," माणिकबाई म्हणाल्या, आणि पानाचं तबक पुढे सरकवलं.

लिलावाला अख्खी अमरावती लोटली. बायका बांबूच्या चिकाच्या पडद्याआड बसल्या. अकोल्याहून उत्तमरावांचे साडू शेषराव आले, बडनेऱ्याला उतरून दोन घोड्यांच्या बग्गीतून. सोबत त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई, माणिकबाईंची धाकटी बहीण. शेषरावांचंही अकोल्यात जिन होतं, आणि उत्तमरावांच्या दोन्ही जिनांपेक्षा ते एका भोंग्याने मोठं होतं. दोघे साडू लग्नाच्या पंगतीतसुद्धा एकमेकांचं ताट मोजत.

मुनव्वर लिलाव पुकारत होता. छोट्या तसबिरी शेंगदाण्याच्या भावात गेल्या. शेवटी त्याने एका मोठ्या चौकटीवरचं फडकं ओढलं.

हिरव्या शालूतली एक बाई झाडाखाली बसलेली, आणि तिच्या गुडघ्याला टेकून हरणी. बाईचा चेहरा असा, की बघणाऱ्याचा सगळा शीण ती ऐकून घेतेय. खाली कोपऱ्यात पिवळ्या ठिपक्यांची एक ओळ होती.

"कोनं देल्ली?" उत्तमरावांनी विचारलं.

"गुप्तदान है साब. पुराने उस्ताद का हाथ दिखता है."

उत्तमरावांना चित्रातलं ओ की ठो कळत नसे. पण त्या चेहऱ्यावरून त्यांची नजर हलेना. कुठेतरी, फार आधी, ही बाई आपल्याकडे अशीच पाहत होती, असं काहीतरी वाटलं आणि निसटलं.

तेवढ्यात शेषरावांनी बोली लावली.

"काहून हो साडभाऊ," शेषराव हसले, "अमरावतीच्या दगडावर अकोल्याचं नाव चालंन न?"

उत्तमरावांनी बोली चढवली. शेषरावांनी त्यावर चढवली. दरवेळी शेषराव ढिले पडले की चिकाआडून सत्यभामाबाईंचा खोकला यायचा, आणि शेषराव पुन्हा हात वर करायचे. आकडा चढत चढत थेट छताला जाऊन भिडला. उत्तमराव घामाने भिजले होते. त्यांनी कनवटीची किल्ली काढून मुनव्वरच्या मेजावर आपटली.

"अजून बोल, शेषराव."

शेषरावांनी पडद्याकडे पाहिलं. या वेळी खोकला आला नाही.

लोकांनी उत्तमरावांना खांद्यावर घेतलं. सरकारचा अर्धा आला, छत चढलं. कोंडवाडा हा शब्द कुणी पुन्हा काढला नाही. दगडावर उत्तमरावांचं नाव इतकं खोल कोरलं गेलं, की त्यात पावसाचं पाणी साचावं.

उद्घाटनाच्या दिवशी खुद्द कमिशनर साहेबांना उत्तमरावांनी तसबिरीसमोर नेलं. शेषराव मागे उभे होतेच. "हे पिवळे ठिपके पाहा साहेब," उत्तमराव म्हणाले. "जुन्या उस्तादाची खूण हाय. जाणत्यालेच ओळखू येते."

साहेबांनी मान डोलावली. शेषरावांनी ओठ चावले. इतका मोठा दिवस उत्तमरावांच्या आयुष्यात आला नव्हता.

मग बायका आत आल्या. पुढे उत्तमरावांची म्हातारी आई गोदाबाई, मागे शकुन, आणि माणिकबाईंच्या कडेवर शकुनचं बाळ. गोदाबाई थेट तसबिरीपाशी गेल्या. कमरेच्या पिशवीतून त्यांनी चिमूटभर हळद काढली, थुंकीने भिजवली, आणि बोट त्या ठिपक्यांच्या ओळीत शेवटी दाबलं.

"माय! काय करून राहिली?" उत्तमराव धावले.

"गप रे. तसबीर बाळंतिणीच्या खोलीत नव्हती, म्हून पणतवाचा ठिपका बारशाले राहून गेला होता." गोदाबाईंनी पिवळं बोट ओळीवरून मागे नेलं. "हा शकुनचा. अन् हा पुसट झाला न, हा तुहा."