उचलून बघितलेली सायकल

या, टेका जरा. एका बाईनं सायकल कशी घेतली ते सांगतो. म्हणाल, ह्यात काय एवढं! आधी ऐका तर.

दुकानात नवराबायको उभी. नवरा गोदामातला हमाल, मान बैलासारखी. बायको दवाखान्यात नर्स. तिचा डावा हात खांद्यापासून लुळा, कुर्त्याच्या खिशात ठेवलेला. घर रुळांच्या अलीकडे, दवाखाना पलीकडे, मधे उंच जिन्याचा पूल. रोज तिची जुनी, जड सायकल नवराच पुलापार नेऊन द्यायचा. पण सोमवारपासून त्याला पहाटेची पाळी लागली होती. म्हणजे आता सायकल तिची तिनं उचलायची, नाहीतर नोकरी सोडायची.

दुकानदारानं एक पुढे केली. "सतरा किलो, ताई. लोखंड आहे, नातवंडं चालवतील."

हमालानं ती एका हातानं डोक्यावर नेली. "हलकी आहे की!"

बायकोनं उजवा हात दांडीखाली घातला. चाकं जमिनीवरून सुटलीच नाहीत.

दुकानदारानं दुसरी काढली. "ही बघा. तेरा किलो."

"सारखीच की," हमाल म्हणाला.

"तुम्हाला हत्ती काय न् उंदीर काय, सारखाच!" बायको म्हणाली. तिनं उचलली, तर ही सायकल गुडघ्यापर्यंत आली, हेलपाटली, धाडकन खाली.

"अगं, मी मुकादमाच्या पाया पडतो. पाळी बदलून घेतो."

"आणि तुम्हाला ताप आला म्हणजे? पेशंटला सांगू, नवरा बरा झाला की सुई टोचायला येते?"



दुकानदारानं मग भिंतीवर टांगलेली एक उतरवली. ना स्टँड, ना कॅरियर, ना मडगार्ड. "नऊ."

"हिला उपाशी ठेवता काय हो?" हमाल म्हणाला.

बायको हसली नाही. वाकली, दांडीखाली खांदा दिला, सरळ झाली. सायकल वर आली, खांद्यावर बसलेल्या पोरासारखी. बाई थांबली नाही. दुकानातूनच माळ्यावर जाणारा लाकडी जिना होता, चांगला उभा. तिकडे निघाली.

कोपऱ्यातल्या मिस्त्रीच्या हातातला पाना तसाच राहिला. हमाल तिच्या मागं, दोन्ही पंजे पसरून, झेलायला.

"हात खाली घ्या," ती वळून न बघता म्हणाली.

त्यानं हात पाठीमागं बांधले. एक पायरी. श्वास. आणखी एक. मधेच पुढचं चाक कठड्याला लागलं, बाई कलली. दुकानात कुणी हललं नाही. हमालाची बोटं पाठीमागं एकमेकांत रुतली, पण हात पुढं आले नाहीत. तिनं पाय रोवला, सायकल सावरली, आणि चढली वर.

वर सायकल टेकवून ती वळली. केस कपाळाला चिकटलेले. खालच्या माणसांकडं बघत होती, आपण इतक्या उंच कशा आलो असं.

हमालानं बाहीनं कपाळ पुसलं.

"क्विंटलाची पोती वाहतो मी," तो दुकानदाराला म्हणाला, "असा घाम कधी आला नाही."

आता रोज सकाळी ती एकटीच असते त्या पुलावर. तुमचं जाणं झालं आणि दिसली, तर एवढं करा. मदतीला धावू नका. बाजूला सरा, वाट द्या.